साहेबांनी खाल्लेला बटला

साहेबांनी तिसरी शेंग सोलली तेव्हा मी वेलावर उरलेल्या शेंगा मोजू लागले.

"मॅडम, एकदम मीठा बटला आहे," असं म्हणून त्यांनी चौथीला हात घातला. वाटाण्याला आम्ही उज्जैनचे लोक बटला म्हणतो. बटल्याच्या शेतात शिरलेला माणूस खात खातच चालतो, त्यात काही गैर नाही. पण हे शेत नव्हतं. हा आमच्या बीज बँकेचा वाफा होता, आणि साहेब आमचे डायरेक्टर होते.

बीज बँक म्हणजे जुन्या वाणांचं बी वाळवून, पाकिटात सील करून गारठ्यात ठेवायची जागा. तिथेही बी म्हातारं होतं. उगवण कमी झाली की ते पेरायचं आणि ताजं बी धरायचं. याला आम्ही रीजनरेशन म्हणतो. या गावठी बटल्याचं अख्खं पाकीट पेरलं, तेव्हा जेमतेम आठ वेल उठले. ज्या घरानं तो दिला होता त्यांच्याकडेही आता तो उरला नव्हता. शेंगा वेलावरच वाळून खुळखुळल्या, तरच पुढे बी.

हे सगळं मी साहेबांना वाफ्यापाशी सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावत ऐकलं, आणि ऐकता ऐकताच हात सुरू झाला.

चहा गार होतोय म्हटलं, तर होऊ दे म्हणाले. दोन शेंगा सफारीच्या खिशातही गेल्या, घरच्यांसाठी. डायरेक्टरचा हात धरायची सोय सर्व्हिस रूलमध्ये नाही. मला इतका राग आला की तोंडातून निघूनच गेलं, "साहेब, सकाळीच औषध मारलंय."

औषध म्हणजे कीटकनाशक. साहेबांनी तोंडातलं थुंकलं. चेहरा पांढराफटक. कुठलं औषध, किती कडक, असं विचारू लागले. मला एक नाव सुचेना. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, फ्रीगंजच्या हॉस्पिटलला निघायचं म्हणून. तेवढ्यात वाफे सांभाळणारे मांगीलालजी पाण्याचा लोटा घेऊन धावत आले.

"साब, घबराओ मत. अपने यहाँ तो कोई दवा मारी ही नी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मला काही होणार नाही?"

"नाही साहेब. पण हा बटला संपेल."

त्यांनी लोट्यातल्या पाण्यानं चूळ भरली. मग खिशातल्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. कच्च्याच होत्या, त्यांचं आता काही होण्यासारखं नव्हतं, तरी मी घेतल्या. साहेब चहा न घेताच गेले. मी मेमोची वाट पाहत राहिले, पण तो काही आला नाही. उरलेल्या शेंगा वाळल्या आणि एक छोटं पाकीट भरलं. बटला वाचला.

पुढच्या हिवाळ्यात त्यातलं थोडं बी पुन्हा पेरलं. साहेब भोपाळचे पाहुणे घेऊन आले. एका पाहुण्याचा हात शेंगेकडे गेला, तसे साहेब गंभीरपणे म्हणाले, "हाथ मत लगाइए. सुबह ही दवा मारी है."

किडीवर औषध खरोखर मारावं लागतं. पाहुण्यांना नुसतं सांगितलं तरी पुरतं. फक्त त्याआधी मांगीलालजींना चहा आणायला पाठवावं.