खड्ड्याचा वरचा थर

थोरलीला कुणी चिकट म्हणत नसे, निदान तोंडावर तरी. 'काटकसरी' म्हणत, आणि म्हणताना एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसत. गव्हाणीखाली सांडलेली काडी ती वेचून परत गव्हाणीत टाकायची. कुट्टीचं मशीन बंद झालं की त्याच्या तोंडात हात घालून अडकलेला मूठभर मका ओढून काढायची. नवरा करवादायचा, "अगं, एखाद्या दिवशी बोटं जातील." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "गेली तर माझी जातील. मका कशाला वाया घालवू?" असतो एकेकाचा स्वभाव. दोन एकरांच्या तुकड्यात चार गाई आणि सहा शेळ्या पोसायच्या तर असा स्वभाव लागतोही, हे मी तिच्या बाजूने आधीच सांगून ठेवतो. पुढे तिच्या बाजूने बोलायला फारसं काही उरणार नाही.

ती शिंप्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा गाईचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं एवढंच तिला कळत होतं. पहिल्याच दिवशी धार काढायला बसली आणि लाथ खाऊन बादलीसकट उताणी पडली. सगळं घर पोट धरून हसलं. हसला नाही तो एकटा म्हातारा, तिचा सासरा. त्याने बादली सरळ केली, तिला उठवलं आणि म्हणाला, "आधी तिच्याशी बोल. मग हात लाव. तुला कुणी न बोलता हात लावला तर आवडेल का?" तिथून पुढची वीस वर्षं त्याने तिला सगळं शिकवलं. लसूणघास दव वाळल्याशिवाय कापायचा नाही, नाहीतर जनावराचं पोट फुगतं. हत्तीगवत कमरेएवढं झालं की थांबायचं नाही, पुढे त्याच्या नुसत्या काठ्या होतात. गाय रवंथ करायची थांबली की आपण जेवायचं थांबायचं. सख्ख्या मुलांनी जे कधी कान देऊन ऐकलं नाही, ते या शिंप्याच्या मुलीने ऐकलं, आणि म्हाताऱ्याचा तिच्यावर फार जीव जडला.

मुरघास मात्र ती स्वतःच शिकली. मका हिरवा असताना कापायचा, बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात भरून पायांनी तुडवत तुडवत दाबायची, वर प्लास्टिक आणि प्लास्टिकवर माती. दीड-दोन महिन्यांनी उघडलं की उन्हाळाभर आंबूस गोड चारा हाताशी. तिचा खड्डा बघायला लोक लांबून येत. म्हातारा कडेला उभा राहून नातेवाइकांना सांगे, "ही माझी सून," आणि पुढे काही बोलत नसे. या नव्या कामात त्याने एकच नियम घातला होता. हवा लागून वरचा थर काळा पडला, बुरशी धरली, तर तो सगळाच्या सगळा उकिरड्यात जायचा. "निवडत बसायचं नाही," तो म्हणायचा. "जनावराला बोलता येत नाही. तू पुढ्यात टाकशील ते ते खाणार."

आता त्या वर्षीचं सांगतो. खड्डा उघडला तर प्लास्टिकला उंदरांनी भोक पाडलेलं. वरचा हातभर थर वाया गेलेला. सगळा काळा झाला असता तर बरं झालं असतं, पण तसं नव्हतं. कुठे पांढरं जाळं, कुठे करडी ढेकळं, आणि मधेमधे बरा दिसणारा मका. पंधरा-वीस पाट्यांचा ऐवज. ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि निवडायला लागली. जाळं धरलेली ढेकळं एका बाजूला, बरा चारा दुसऱ्या बाजूला. बऱ्याचा ढीग चांगला मोठा झाला. तिच्या चारपैकी दोन गाई दुधात होत्या, दोन गाभण. त्यांच्या पुढ्यात तो ढीग टाकायला तिचा हात धजेना, आणि फेकायलाही धजेना.

तेवढ्यात धाकटी जाऊ कुंपणाशी आली. दोघी जावांची घरं एका भिंतीची, गोठे मात्र वेगळे. धाकटीकडे एकच गाय, सात महिन्यांची गाभण. म्हातारा राहायला धाकटीकडे असे आणि तिची गाय सांभाळे. धाकटीचा मका त्या वर्षी उगवलाच नव्हता. ती म्हणाली, "ताई, दोन पाट्या निघतील का गं रोज? आठ-दहा दिवसांचाच प्रश्न आहे."

थोरलीने ढिगाकडे पाहिलं. "ने की," ती म्हणाली. "हा काढूनच ठेवलाय."

झालं ते एवढंच. तिने स्वतःला सांगितलं की आपण निवडून घेतलंय, वास फार काही वाईट नाही, थोड्याने काही होत नसतं. आठ दिवस ती रोज दोन पाट्या कुंपणावरून देत राहिली. त्याच हातांनी ती खालचा पिवळसर, चांगला मुरघास आपल्या गाईंना घालत होती. धाकटी रोज म्हणायची, "ताई, तू आहेस म्हणून निभतंय." आणि थोरलीला त्यात बरंही वाटायचं. हे सगळ्यात वाईट, पण वाटायचं खरं.

मधेच एके सकाळी म्हातारा गाईला हौदावर पाणी पाजायला घेऊन गेला. तिथल्या फरशीवर शेवाळ. गाय घसरली, गुडघ्यांवर आली, उठली आणि पाणी प्यायली. म्हाताऱ्याने घरी येऊन सांगितलं, गुडघ्याला हळद लावली, विषय संपला. त्यानंतर पाच दिवसांनी गाईने गाभ टाकला. पुरा वाढलेला नव्हता, पण कान, खूर, सगळं दिसत होतं. कालवड होती.

जनावरांचा डॉक्टर आला. हात धुता धुता त्याने विचारलं, "खायला काय घालत होता? बुरशीचा चारा वगैरे?"

"नाही हो," धाकटी म्हणाली. "ताईंचा मुरघास."

डॉक्टरने थोरलीकडे पाहिलं. "तुमचा? मग प्रश्नच मिटला. कुठे पडली-बिडली होती का?"

तोंड उघडायचं हीच वेळ, हे थोरलीला कळत होतं. पण तिच्या आधी म्हातारा बोलला. "माझ्याकडून झालं," तो म्हणाला. "हौदावर घसरली. दोरी मी एका हाताने धरली होती." डॉक्टर म्हणाला, असू शकतं, धक्क्याने होतं कधीकधी. थोरलीने मिठाची गुळणी धरली ती धरलीच. दुपारी सगळे आत असताना तिने उरलेला ढीग उकिरड्यात लोटला आणि वर चार पाट्या शेण टाकलं. बरा म्हणून निवडलेला चारा तिने आयुष्यात पहिल्यांदा फेकला, आणि तोही लपवण्यासाठी.

धाकटी वाईट बाई नाही, पण तिची सगळी भिस्त गाईच्या त्या वेतावर होती, आणि ती तोंडाची फटकळ. राग निघाला तो म्हाताऱ्यावर. "दोन्ही हातांनी धरायला काय झालं होतं तुम्हाला?" "होत नाही तर सांगायचं होतं, मी नेली असती." "मुकं जनावर तुमच्या भरवशावर टाकलं, माझंच चुकलं." एकदा बोलून थांबली असती तर गोष्ट वेगळी. ती येता-जाता, रोज बोले. भिंत एकच. थोरली चुलीपाशी बसून शब्द न् शब्द ऐकायची. म्हातारा एकदाही उलट बोलला नाही. तो गोठ्यात जायचा थांबला. दारात खुर्ची टाकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहायचा. गाय हंबरली की मान फिरवायचा.

थोरलीने मग करायला काही बाकी ठेवलं नाही. रोज तांब्याभर दूध धाकटीकडे, खड्ड्याच्या तळाचा उत्तम मुरघास धाकटीच्या गाईला, लसूणघासाची पहिली कापणी धाकटीला. धाकटी म्हणायची, "ताई, किती करशील गं?" आणि थोरलीला तिथून पळून जावंसं वाटायचं. रात्री डोळा लागेना, दिवसा घास उतरेना. शेवटी तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता बोलून काय ती कालवड परत येणार आहे? घरात उगीच आग लागेल. गप्प राहा." तिला हवं होतं तेच तो बोलला, म्हणून ती गप्प राहिली.

दोन महिने गेले. मग एका संध्याकाळी कळलं की म्हातारा लेकीकडे चाललाय, कायमचा. लेक शहरात, तिसऱ्या मजल्यावर. तिथे गाय नाही, गवताची काडी नाही. "इथे माझा उपयोग काय?" तो म्हणाला म्हणे. नवरा म्हणाला, "जाऊ दे, आराम तरी मिळेल." थोरलीला माहीत होतं की या माणसाला आरामानेच मरण येईल.

निघायच्या सकाळी तो थोरलीच्या गोठ्याच्या दारात आला. धुतलेला सदरा, हातात पिशवी. "तुझ्या गाई बघून जातो," म्हणाला, पण आत आला नाही. सगळ्यात म्हातारी गाय, जिची लाथ थोरलीने कधीकाळी खाल्ली होती तिचीच नात, तिने ओळखीने मान पुढे केली. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

ते बघून थोरलीने हातातलं खोरं भिंतीला टेकवलं.

"बाबा, गाय घसरल्याने गेला नाही गाभ," ती म्हणाली. "मी धाकटीला वरचा थर दिला होता. बुरशीचा. निवडून दिला, पण दिला."

म्हातारा हळूच दाराशी ठेवलेल्या चाऱ्याच्या पोत्यावर बसला.

"किती दिवस?"

"आठ."

चूक झाली, फेकायचं जिवावर आलं, अक्कल गहाण पडली होती, असं बरंच काही ती बोलत सुटली. तो ऐकत होता की नाही कळेना. ती थांबल्यावर त्याने एकच विचारलं.

"तुझ्या गाईंना घातलास?"

तिला खोटं बोलता आलं असतं. घातला म्हणाली असती तर ती नुसती चूक ठरली असती. तेवढीच सोय होती, आणि त्याने विचारलं होतं ते तेवढ्यासाठीच असेल, असं तिला आजही वाटतं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या गाईंना नाही घातला."

म्हाताऱ्याने आपले दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहिले. "दोन महिने मी झोपलो नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "म्हटलं, आता आपल्या हातात काही राहिलं नाही." मग म्हणाला, "धाकटीला मी सांगणार नाही. तू सांग. जा, आत्ताच जा."

धाकटी अंगणात बादली घासत होती. थोरलीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, या वेळी काहीही हातचं न राखता, आपल्या गाईंचंही. धाकटी आता तोंड सोडेल, चार घरं गोळा होतील, अशी तिने मनाची तयारी केली होती. धाकटी ओरडली नाही. बादलीतला हात तसाच बादलीत राहिला.

"मी बाबांना काय काय बोलले," ती म्हणाली. "रोज बोलले. तुला भिंतीपलीकडे ऐकू येत होतं ना?"

"येत होतं."

धाकटी उठली, ओल्या हातांनीच थोरलीच्या शेजारून निघून गोठ्याच्या दारात गेली. म्हातारा अजून पोत्यावरच बसला होता. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, गाय पाण्यावर न्यायचीय. माझ्याने आवरत नाही ती. चला." म्हाताऱ्याने पिशवी पोत्यावर ठेवली आणि तिच्याबरोबर गेला. लेकीकडे निरोप गेला की बाबा येत नाहीत. थोरलीशी तो बोलतो. गाईंबद्दल विचारलं तर उत्तर देतो. "माझी सून" असं मात्र सांगताना त्याला त्यानंतर कुणी ऐकलं नाही.

तो निघणार होता त्याच दिवशी संध्याकाळी थोरलीने खड्ड्याच्या तळाचा मुरघास काढला, पाटी भरली आणि नेहमीसारखी कुंपणाशी गेली. धाकटी पलीकडे उभी होती. तिने पाटीला हात लावला नाही.

"राहू दे, ताई," ती म्हणाली. रागाने नाही, साधंच म्हणाली. "तुझा चारा नको आता. मी बघेन कुठून तरी."

थोरली पाटी घेऊन वळली. गोठ्यात येऊन तिने पाटी आपल्या गाईंपुढे ओतली. चारा चांगलाच होता, गाईंनी तो सगळा संपवला.