खांबवाल्यांचा डबा

किती वाजले, असं खांबवाले एखाद्याला विचारत. त्याने वेळ सांगितली की मान डोलावत आणि लगेच शेजारच्या माणसाकडे वळून म्हणत, "तुमच्यात किती?" स्वतःच्या मनगटावर घड्याळ असायचं ते वेगळंच. पहिल्या माणसाला हे लागायचं. एकदा सफाळ्याच्या हॉटेलात एक निवृत्त मास्तर चिडून म्हणाले, "अहो, मी खोटं सांगतोय का?"

"तुम्ही नाही हो. घड्याळ सांगत असेल," हे शांतपणे म्हणाले. "एकाचं ऐकून चालत नाही."

हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी यायचं. दूध आजचं का, हे ते दूधवाल्याला विचारत आणि मग तो पुढे गेला की त्याच्या बायकोला विचारत. असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. आपण त्याला संशयी म्हणतो आणि सोडून देतो. आम्हाला तसं सोडून देता आलं नाही, कारण त्या वर्षी आमचं गावच संशयी झालं होतं, आणि आमचा संशय त्यांच्यावरच होता.

मी तेव्हा सफाळे आणि एडवणच्या मधल्या गावांचा तलाठी होतो. माझ्या चावडीपासून मैलभरावर, उंचवट्यावरच्या माळावर सरकारने एक केंद्र उभारलं होतं. पांढरी गोल खोली आणि तिच्यावर खांब. मुंबईकडे येणाऱ्या विमानांना त्या खांबाकडून दिशा कळायची. तिथे दोन-तीन माणसं पाळीने येत, पण राहायला गावात हे एकटेच, चावडीला लागून असलेल्या खोलीत. वय चाळिशीच्या आसपास, मूळ बेळगावकडचे, बोलण्यात कानडी हेल. बायको आणि मुलगी तिकडेच होत्या. दिवाळीनंतर त्यांना इथे आणायचं चाललं होतं. मुलीसाठी शाळा चांगली आहे का, हे त्यांनी हेडमास्तरांना विचारलं आणि शाळेच्या शिपायालाही विचारलं. गावात कोणी त्यांना नावाने हाक मारली नाही. सगळे खांबवाले म्हणत.

संशयाची सुरुवात खुंट्यांपासून झाली. खांबाभोवती त्यांनी गोलाकार, सारख्या अंतरावर बारा लाकडी खुंट्या ठोकल्या आणि त्यांना पांढरा रंग दिला. महिन्यातून एकदा ते खांद्याला रेडिओसारखं यंत्र अडकवून प्रत्येक खुंटीपाशी उभे राहत आणि वहीत काहीतरी टिपून घेत. त्या काळात आमच्याकडे खुंटी दिसली की जमीन जाणार, असंच लोक धरायचे. तारापूरच्या बाजूला मोठ्या सरकारी कामासाठी जमिनी घेतल्या होत्या, आणि तिथे आधी जमीन मोजणारे साखळीवाले आले, मग खुंट्या आल्या, हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

बारांपैकी एक खुंटी जानकीबायच्या वरकस जमिनीत, म्हणजे तिच्या गवताच्या तुकड्यात आली. जानकीबाय साठीची, विधवा. तिच्या भावाची वाडी तारापूरकडे गेली होती. तिने खुंटी उपटली आणि चावडीत आणून माझ्या टेबलावर ठेवली.

"भाऊसाहेब, खरा सांगा. माजी जमीन जानार हाय का?"

मी म्हटलं, "माझ्याकडे असा कुठलाही कागद नाही."

"माज्या भावाच्या तलाठ्याकडं पन कागद नव्हता."

खांबवाल्यांनी दुसरी खुंटी ठोकली. तिने तीही उपटली. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी ते स्वतः तिच्या ओट्यावर गेले आणि मलाही बरोबर नेलं. त्यांना वाटलं, मी असलो की तिचा विश्वास बसेल. माझ्यावरही तिचा विश्वास नव्हता, हे त्यांना कोण सांगणार.

"मावशी, मला तुमची जमीन नको. महिन्यातून एकदा त्या जागी पाच मिनिटं उभं राहायचं आहे."

"मग खुटी कशाला? उबं ऱ्हा नि जा."

"जागा तीच पाहिजे. वीतभर इकडे नाही, वीतभर तिकडे नाही."

तिने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाली, "खुटी माज्या घरात ऱ्हायल. तुमी आलाव का मी ठोकन, तुमी गेलाव का मी काडन."

मला वाटलं, हे ऐकणार नाहीत. पण ते लगेच कबूल झाले. तेव्हापासून ते फेरीला निघाले की जानकीबाय पदराखाली खुंटी घेऊन माळावर हजर. ती दगडाने खुंटी ठोकायची आणि हे बाजूच्या दोन खुंट्यांपासून दोरीने अंतर मोजून बघायचे. दर महिन्याला अंतर बरोबर निघायचं आणि दर महिन्याला हे मोजायचे. "माज्यावर भरोसा नाय तुमचा," ती म्हणायची. "तुमच्यावर आहे मावशी, दगडावर नाही. हात बसतो तिथे दगड बसेलच असं नाही," हे म्हणायचे. दोघांनाही त्या मोजण्याची गोडी लागली असावी.

मग लढाई आली. पासष्ट साल. गावात दिव्यांना काळे कागद लागले, खांब बंद ठेवण्याचा हुकूम आला, आणि मामलेदार कचेरीतून आम्हा तलाठ्यांना कागद आला, की संशयास्पद इसम आढळल्यास कळवावे. चार लोक चावडीत येऊन विचारायला लागले, खांबवाल्यांकडे एक डबा आहे, तो कसला? रोज खोलीत ते त्याच्याशी काहीतरी खाटखूट करतात. आणि त्यांची भाषा अशी कशी?

मी एका संध्याकाळी चहाच्या निमित्ताने त्यांच्या खोलीत गेलो. डबा टेबलावरच होता. राखी रंगाचा, ट्रंकेएवढा, वर चामड्याची मूठ, पुढे आकड्यांच्या चकत्या. मी विचारायच्या आधीच ते आनंदाने सांगू लागले. त्यांना कोणी त्यांच्या कामाचं विचारत नसे.

"हा म्हणजे खोटा खांब आहे," ते म्हणाले. "गरम व्हायला वीस मिनिटं लागतात. तोवर चहा घ्या."

चहा झाल्यावर त्यांनी डब्यातून एक वायर काढून फेरीच्या रेडिओला जोडली. डब्याची चकती नव्वदावर फिरवली. रेडिओवरचा काटा हलला आणि नव्वदावर जाऊन थांबला.

"आता ह्या रेडिओला वाटतंय की आपण खांबाच्या पूर्वेला आहोत."

"आणि खरं कुठे आहोत?"

"टेबलावर." ते हसले. मग चकती एकशेऐंशीवर नेली. "आता दक्षिणेला. मी म्हणेन तिथे. रेडिओने बरोबर तेवढंच दाखवलं पाहिजे. दोन अंश चुकला तर तो फेरीला न्यायच्या लायकीचा नाही. आधी रेडिओची परीक्षा घ्यायची, मग त्याच्याकडून खांबाची."

मी विचारलं, "म्हणजे ह्या डब्याने विमानालाही फसवता येईल?"

"ह्याचा आवाज वायरीच्या बाहेर जात नाही. खोलीच्या दारापर्यंतसुद्धा नाही." मग ते जरा गंभीर झाले. "ढगात असलेल्या माणसाला खाली काही दिसत नाही हो. तो फक्त काट्याकडे बघतो. तो काटा आमच्या भरवशावर असतो."

मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीत बसून मी मामलेदारांना कागद लिहिला. तो मला आजही पाठ आहे. 'सदर इसम विमानांस दिशा दाखविणाऱ्या खांबासारखेच खोटे संदेश निर्माण करणारे यंत्र आपले राहते खोलीत बाळगतो. त्याने त्याचे प्रात्यक्षिक माझे समक्ष केले आहे. सदर इसमाचे बोलण्यात परक्या मुलखाचा हेल आहे.'

वायरीचं मी लिहिलं नाही. ते मला पटलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. उद्या काही झालं तर तलाठी काय करत होता, असं कोणी विचारू नये एवढंच मला हवं होतं.

चौथ्या दिवशी पोलिसांची जीप आली. खांबवाले जेवत होते. त्यांना हात धुऊ दिले आणि नेलं. डबाही नेला. पालघरला दोन दिवस बसवून ठेवलं. त्यांच्या खात्याची तार आली तेव्हा सोडलं.

ते पालघरला असताना जानकीबाय चावडीत आली. खाली बसली नाही.

"पोलिसांना कोनी सांगला?"

"मला काय माहीत."

"त्या मानसाच्या खोलीत चहा प्याला कोन जातं, ता आमाला म्हायती हाय," एवढंच म्हणाली आणि गेली.

परत आल्यावर खांबवाले पूर्वीसारखेच वागले. चावडीत यायचे, वर्तमानपत्र वाचायचे, किती वाजले ते मला विचारून शिपायाला विचारायचे. मला हायसं वाटलं. त्यांना काही कळलेलं नाही, असं मी धरून चाललो. तरी ते दाराशी आले की माझा हात लिहिता लिहिता थांबायचा.

डबा मात्र परत येईना. माणूस सोडायचा हुकूम होता, डब्याचा नव्हता. लढाई थांबली तरी तो पालघरच्या पोलीस ठाण्याच्या कोठडीत, पकडलेल्या गावठी दारूच्या पिंपांशेजारी पडून राहिला. एका हवालदाराने गाणी लागतात का, हे बघायला त्याच्या सगळ्या चकत्या फिरवल्या म्हणे. दिवाळीच्या तोंडावर तो परत आला तेव्हा त्याला मोहाच्या दारूचा वास येत होता. गाव हसलं. खांबवालेही हसले, पण त्यांनी डबा टेबलावर ठेवला नाही. कोपऱ्यात जमिनीवर ठेवला.

खांब पुन्हा सुरू करायचा हुकूम आला होता. त्याआधी बारा खुंट्यांची फेरी मारून त्यांनी सही करायची होती. त्यांनी वर कळवलं, डबा मुंबईच्या वर्कशॉपला पाठवून तपासून घेतल्याशिवाय फेरी मारता येणार नाही. तिसऱ्या दिवशी मुंबईहून त्यांचे वरचे साहेब जीपने आले. खुंट्या नकाशावर दाखवायच्या म्हणून मलाही माळावर बोलावलं होतं. त्यामुळे पुढचं मी ऐकलं.

"रेडिओ चांगला आहे, खांब चांगला आहे. फेरी मारा आणि सही करा," साहेब म्हणाले.

"रेडिओ चांगला आहे हे डबा सांगणार. आणि डबा दीड महिना माझ्या हातात नव्हता, साहेब."

"त्याला काय झालंय?"

"माहीत नाही. म्हणूनच सही करत नाही."

"वरून रोज फोन येतोय मला. विमानं खांबाशिवाय येताहेत. उशिराचं कारण काय लिहू? दारूचा वास?"

"माझं नाव लिहा," खांबवाले म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ह्या माणसाचं आणखी काहीतरी वेगळंच चाललंय की काय. पोलिसांनी एकदा नेलेला माणूस. तो विचार मी ओळखला, कारण तो माझ्याच कागदातून निघाला होता. मी नकाशाची घडी घालत उभा राहिलो. डब्याला पोलिसांकडे कोणी धाडलं, हे सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही.

डबा मुंबईला गेला. खांब आणखी अकरा दिवस मुका राहिला. बाराव्या दिवशी डबा परत आला, सोबत चिठ्ठी होती: यंत्र पूर्णपणे बरोबर आहे. त्याच दिवशी फेरी झाली. जानकीबायने खुंटी ठोकली, त्यांनी दोरीने मोजली, सही झाली, खांब बोलू लागला. आठवड्याभरात त्यांच्या बदलीचा कागद आला. राजस्थानात कुठेतरी, वाळवंटाच्या बाजूला. बायको-मुलीचं येणं रद्द झालं.

जायच्या दिवशी मी त्यांना सफाळे स्टेशनवर पोचवायला गेलो. सामान थोडंच होतं. एक वळकटी, एक ट्रंक आणि जानकीबायने दिलेली वालाच्या शेंगांची पिशवी. गाडीला अवकाश होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "शेवटी डबा बरोबरच निघाला. उगीच तुमची बदली झाली."

"बरोबर होता हे आता माहीत झालं. तेव्हा माहीत नव्हतं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. मुलीच्या शाळेबद्दल बोलावं तसं ते बोलले.

मग रुळांकडे बघत म्हणाले, "पालघरला त्यांनी मला तुमचा कागद वाचायला दिला होता."

मी वाकून त्यांच्या ट्रंकेची कडी लागली आहे का ते बघितलं.

"अक्षर सुंदर आहे तुमचं. आणि एकही शब्द खोटा नव्हता त्यात. मी दोनदा वाचला. फक्त वायरीचं राहिलं होतं."

म्हणजे दोन महिने त्यांना ठाऊक होतं. दोन महिने ते माझ्या समोर बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्या दिवशी माळावर साहेबांसमोर मी तोंड उघडतो का, हेही त्यांनी बघितलं असेल. मला माफी मागायची होती. शब्द जुळवत होतो तेवढ्यात वैतरणेच्या बाजूने गाडी आली. माणसांची उतरण्या-चढण्याची गडबड झाली. मी ट्रंक वर चढवून दिली. त्यांनी वळकटी काखेत घेतली, शेंगांची पिशवी दुसऱ्या हातात धरली आणि दारात उभे राहिले.

"चला," म्हणाले.

"पत्र पाठवा," मी म्हणालो.

गाडी सुटली. पत्र आलं नाही, आणि पुढे माझीही बदली झाली. ते आज हयात आहेत की नाहीत, मला माहीत नाही. डोळ्यांसमोर येतं ते त्यांचं दारातलं उभं राहणं. गाडी फलाट सोडेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात सामानात अडकलेले होते. म्हणून त्यांनी हात हलवला नाही, असं मी आजवर धरून चाललो आहे.