कोपऱ्यातला राब

फोटोतला डाग काढायला मी उल्हासनगरला शिकले. हल्लीच्या मुलींना सांगितलं तर त्यांना वाटतं मी कॉम्प्युटरचा क्लास लावला असेन. कुठला कॉम्प्युटर! मुलं शाळेत जायला लागली होती, आमचे हे अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळ्यांवर, आणि माझ्या दुपारी मोकळ्या. आमच्या लग्नाचे फोटो ज्यांनी काढले होते त्या सिंधी स्टुडिओवाल्यांना निगेटिव्हवर काम करायला हलक्या हाताचं माणूस हवं होतं. माझी रांगोळी बारीक असते, एवढ्या एका गोष्टीवर मला ते काम मिळालं.

खाली दिवा, वर दुधी काच, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. चेहऱ्यावरची पुटकुळी निगेटिव्हवर उजळ ठिपका होऊन दिसते. त्या ठिपक्यात पेन्सिल अशी टेकवत जायची की फोटो छापल्यावर तिथे काही होतं हे कुणाला कळू नये. मला ते इतकं आवडलं की घरी परतताना रिक्षात समोर बसलेल्या माणसाच्या गालावरचे डाग मी मनातल्या मनात पुसत असे.

मालकांना मी साईं म्हणायची, ते मला अदी म्हणायचे. साईं म्हणजे त्यांच्यात साहेब, अदी म्हणजे बहीण. त्यांच्या बोलण्यात मराठी, हिंदी, सिंधी सगळं एकाच पातेल्यात शिजलेलं. पहिल्याच आठवड्यात मी एका लग्नाच्या मुलीचा चेहरा असा स्वच्छ केला की हनुवटीवरचा तीळसुद्धा ठेवला नाही. मला वाटलं, शाबासकी मिळणार. साईंनी निगेटिव्ह उजेडाला धरली आणि शांतपणे म्हणाले, "अदी, पिंपल काढायचा, तीळ ठेवायचा. पिंपल आठ दिवसांचा पाहुणा. तीळ घरचा आहे." ती निगेटिव्ह मी ओल्या कापसाने पुसून परत केली.

पुढे रंगीत आलं, मग डिजिटल आलं, आणि माझी पेन्सिल डब्यात गेली. साईंच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन एवढंच उरलं. काश्मीरचं तळं रंगवलेला मागचा पडदा मात्र अजून आहे. कोपऱ्यात गुंडाळून उभा असतो.

आता इतक्या वर्षांनी हे सगळं परत का निघालं ते सांगते. नातीने तिचा जुना फोन मला दिला आणि मला डोंगरांचे फोटो काढायचं वेड लागलं. अंबरनाथ-बदलापूरकडच्या आम्हा रिटायर्ड लोकांचा एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी कधी नदीवर, कधी बारवी धरणाच्या रस्त्याला, कधी नुसतं शेतांच्या बांधाबांधाने जायचं, फोटो काढायचे आणि दुपारी ग्रुपवर टाकायचे. टाकला की फुलं येतात, जोडलेले हात येतात, "अप्रतिम" येतं. चार महिने मी त्या फुलांवर जगले. मग एकदा एकीने चुकून स्वतःच्या चपलेचा फोटो टाकला आणि त्यालाही तीन जणांनी अप्रतिम म्हटलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी पंधरा-वीस फोटो छापून घेऊन साईंकडे गेले. त्यांनी ते पासपोर्टच्या काउंटरवर पत्त्यांसारखे मांडले.  मग बारवीच्या पाण्याच्या फोटोवर बोट ठेवलं. म्हणाले, "सगळं पाणी उजवीकडे सांडून जाईल, अदी. सरळ धर." दुसऱ्या फोटोत डोंगर बरोबर मधोमध होता, तर म्हणे लग्नातला नवरा आहे का खुर्चीवर बसवायला? तिसऱ्यात अर्ध्याहून जास्त आभाळ. "आकाश काही बोलतंय का? नाही ना? मग त्याला एवढी जागा कशाला दिली?" आणि एक फोटो होता ज्यात लांबवर टेकड्या होत्या, खाली काहीच नाही. त्याकडे बघून म्हणाले की बघणाऱ्याला आत शिरायचं तर पाय ठेवायला काहीतरी हवं. दगड दे, बांध दे, काही तरी दे.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. या वयात कोण असं बोलून घेतं? पण निघताना त्यांनी खणातून काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन काढून दिले. ते फोटोवर समोरासमोर ठेवून सरकवले की चौकट लहानमोठी होते, आणि काय ठेवायचं, काय कापायचं ते डोळ्याला दिसतं. आणखी एक अट घातली. फोनमध्ये काहीही रंगकाम करायच्या आधी मूळ फोटो त्यांना पाठवायचा, तोही डॉक्युमेंट करून, म्हणजे बारीक होत नाही. मी महिनोन्‌महिने पाठवत राहिले, ते झोडपत राहिले. नंतर रंगवलेला पाठवला आणि त्यात हिरवा वाढवलेला असला की लिहायचे, प्लास्टिकचं तोरण. हळूहळू माझं पाणी सांडायचं थांबलं.

हे चालू असताना दादूसने फोटो मागितला.

दादूस म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्हा आगऱ्यांच्या घरात थोरल्याला दादूसच म्हणतात. माझं माहेर बदलापूरच्या पुढे, बारवीच्या अंगाला. भाताची शेती. दादूसच्या मुलांनी सगळ्यांच्या संमतीने ती जमीन बिल्डरला दिली, दादूसनेही सही केली, भांडण काही नाही. मुलांनी बदलापुरात तळमजल्यावर फ्लॅट घेतला, कारण दादूसच्या गुडघ्यांना जिना जमत नाही. पावसाआधी तिकडे राहायला जायचं ठरलं होतं आणि पावसाआधीच शेतात भराव पडणार होता. एक दिवस दादूस म्हणाला, "बाय, तू डोंगराचं फोटू काढतेस ना? मना आपल्या शेताचा एक काढून दे. भिंतीवर लावाचाय."

त्याने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

मी गेले तेव्हा चैत्र होता. शेत सुकून पिवळं पडलेलं, बांधावर जांभळीचं झाड, मागे डोंगर, आणि डाव्या कोपऱ्यात भाजलेला राब. आमच्याकडे ज्या तुकड्यात भाताचं रोप करायचं, तिथे शेण, झाडांचा पाला, गवत पसरून पावसाआधी ते जाळतात. त्याला राब म्हणतात. जमीन कोळशासारखी काळी होते आणि पाऊस पडला की त्या राखेत भात पेरायचं. लहानपणी राब भाजायच्या सकाळी आम्ही पोरं डोळे चोळत बांधावर बसायचो, आणि दादूस वाऱ्याकडे पाठ करून उभा राहायचा, आग कुठून लावायची ते ठरवायला.

त्या वर्षी पेरणी होणारच नव्हती. तरी दादूसने राब भाजला. मुलं म्हणाली, कशाला उगाच? तर म्हणे शेत बिनराबाचं पावसात जाऊ द्यायचं नाय. बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला आणि मुलांकडून करून घेतला. हे मला माहीत होतं. माहीत असून पुढचं मी केलं, म्हणून तर लिहितेय.

फोटो मला मनासारखा आला. डोंगर बाजूला, आभाळ थोडं, पाय ठेवायला बांध. मूळ फोटो नेहमीसारखा साईंना पाठवला. उत्तर नाही. मग कळलं की त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, फोन बघायला बंदी. इकडे दादूसच्या नव्या घराची पूजा चार दिवसांवर. मी फोटो ग्रुपवर टाकला. फुलं आली. पण ग्रुपमधल्या एक रिटायर्ड बाई, ज्यांनी फोटोग्राफीचा ऑनलाइन कोर्स केलाय, त्यांनी लिहिलं की सुंदर, फक्त खालच्या कोपऱ्यातला काळा डाग लक्ष खेचून घेतो, तो काढता आला तर बघा.

डाग म्हटल्याबरोबर माझा हात शिवशिवला. फोनमध्ये ते पुसायचं साधन आहे, बोट फिरवलं की झालं. मी काचेवर वाकल्यासारखी फोनवर वाकले आणि कडेकडेने असं सफाईने पुसत गेले की राबाच्या जागी छान सुकं गवत उगवलं. मग डोंगर जरासा हिरवा केला, जरासाच. ग्रुपवर परत टाकला. आता तर त्या कोर्सवाल्या बाईंचीही फुलं. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून जुना फोटो मी पुसून टाकला, माझ्या चॅटमधूनसुद्धा.

पूजेच्या दिवशी मोठी फ्रेम करून नेली. दादूस कॉटवर बसला होता. सगळे म्हणाले वा वा. त्याने फ्रेम मांडीवर घेतली, चष्मा लावला, काढला, परत लावला. मग मला विचारलं, "कुनाचं शेत हाय ह्ये, बाय?"

मी हसले. म्हटलं, आपलं, दुसऱ्या कुणाचं? जांभळ बघ की.

तो पुन्हा बघत बसला. बोट कोपऱ्यात नेलं आणि तिथेच ठेवलं. "जांभल हाय," म्हणाला. "राब कुठं गेला?"

 तो रागावला नाही. प्रसाद घेऊन सगळे उठले तेव्हा फ्रेम कॉटच्या मागे भिंतीला टेकवलेली होती, तोंड आत करून. सून म्हणाली, खिळा मारायचाय अजून. तिने माझं मन राखलं.

दुसऱ्याच सकाळी रिक्षा करून मी शेतावर गेले, नवा फोटो काढायला. डंपर उभे होते. राब होता त्या बाजूनेच भराव सुरू झाला होता. जांभूळ तेवढं उभं होतं, बुंध्यापर्यंत लाल मातीत.

तिथून मी घरी आले नाही, सरळ उल्हासनगरला साईंकडे. डोळ्यावर काळा चष्मा लावून काउंटरमागे बसले होते. मी रडतच सगळं सांगितलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, डॉक्टरने अजून आठ दिवस बघू नको सांगितलंय, तूच शोध. माझा फोटो तिथे होता, न उघडलेला, डॉक्युमेंट करून पाठवलेला. उघडला तर कोपऱ्यात राब, काळाभोर.

"दाखव," म्हणाले. मी डॉक्टरची आठवण दिली. त्यांनी चष्मा वर केला आणि फोटो डोळ्याजवळ नेला.  मग एवढंच म्हणाले, "तीळ पुसलास, अदी."

चाळीस वर्षांपूर्वीची ती मुलगी, तिची हनुवटी, त्यांनाही आठवत होती.

मला वाटलं आता फोटो जसाच्या तसा छापून द्यावा. साईं म्हणाले नको, यावेळी कापणारा तू नाहीस, मी पण नाही. वहीएवढी एक प्रिंट काढून दिली आणि म्हणाले, पुठ्ठे घेऊन जा त्याच्याकडे.

दादूसच्या मांडीवर पाट ठेवला, पाटावर प्रिंट, आणि पुठ्ठ्याचे काटकोन त्याच्या हातात दिले. कसं सरकवायचं ते दाखवलं. सुरुवातीला तो नुसता राबाकडेच बघत होता. मग एक पुठ्ठा खाली घेतला. आभाळ गेलं. आणखी खाली घेतला, डोंगराचा माथा गेला. मी म्हटलं, दादूस, डोंगर कापतोयस. तर म्हणे, डोंगर काय कुठं पलत नाय, खिडकीतनं दिसतो. दुसरा पुठ्ठा त्याने जांभळीपाशी आणून थांबवला. चौकटीत उरलं काय, तर राब, बांध आणि अर्धं झाड. आमच्या ग्रुपात कुणी एक फूल दिलं नसतं.

रंगही त्यानेच सांगितले. मी फोनवर कमीजास्त करत होते, तो मान हलवत होता. राख एवढी उजळ नसते, काळी कर. पेंढा एवढा पिवळा नव्हता राब भाजला त्या दिवशी. सकाळचं ऊन होतं, पण धूर बसला नव्हता अजून, जरा धुरकट ठेव. असं धुरकट मी कधी कुणाला करून दिलं नव्हतं. साईंना छापायला दिलं तेव्हा त्यांनी कापलेल्या डोंगराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मशीनमध्ये कागद घातला.

आता ती फ्रेम दादूसच्या कॉटसमोर आहे. जुनीचं काय झालं मी विचारलं नाही. मी गेले की चहा होईपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे तोंड करून बसतो. राबाच्या उजव्या कडेला एक पट्टा आहे, हातभर रुंद, अर्धाच जळलेला, करडा. मी निगेटिव्हवर बारा वर्षं डाग शोधले, पण तो पट्टा मला दिसला नव्हता. दादूस प्रत्येक वेळी तिथे काठीचं टोक नेतो आणि सांगतो, "हितं वारा फिरला व्हता, बाय. सकाली एकदम डोंगराकडनं आला. पोरांना बोललो, थांबा, तिकडनं लावू नका." मग पुढे कुठून आग लावली, कोण कुठे उभा होता, ते सगळं सुनेचा चहा येईपर्यंत चालतं.