टेबलावरचा अर्ज

चौतीस वर्षं राज्याच्या शिक्षण खात्यात घालवून साहेब निवृत्त झाले, तेव्हा आता तरी माणूस घरी स्वस्थ बसेल, असं त्यांच्या बायकोला वाटलं होतं. पण लोकांनी गळ घातली, साहेब निवडणुकीला उभे राहिले आणि निवडूनही आले. थेट देशाच्या संसदेत! 'चुकून,' असं बायको अजून म्हणते.

खासदार झाले, तरी अंगातला अधिकारी काही जाईना. दहाच्या ठोक्याला कार्यालयात हजर. आलेला प्रत्येक अर्ज मन लावून वाचायचा, समासात सुवाच्य अक्षरात 'तपासून तातडीने सादर करावे' असा शेरा मारायचा, खाली सही, तारीख, आणि कागद डावीकडच्या ट्रेमध्ये. महिनाभर कारभार असा सुरळीत चालला. शेवटी टंकलेखिका बाईंनी धीर केला.

"साहेब, ट्रे ओसंडून वाहतोय. हे कागद न्यायला कोण येणार?"

"कक्ष अधिकारी येतील की."

"इथे कुठले कक्ष अधिकारी? इथे तुम्ही आणि मी."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी ट्रे उपसायला घेतला. तळाशी एका गवंड्याचा अर्ज होता. मुलगी चाकाच्या खुर्चीत, राष्ट्रीय प्रवेश परीक्षेचं केंद्र तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 'शाळाभर मी तिला पाठीवर नेलं. आता उचलून नेलंत तर परीक्षाच देणार नाही, म्हणते. तळमजल्यावर वर्ग मिळावा.' परीक्षा सहा दिवसांवर आली होती. पोरीचं वर्ष जाणार होतं, तेही साहेबांच्या सहीखाली. त्यांना लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच परीक्षा मंडळात गेले. संचालक लगबगीने उठले, चहा मागवला आणि अर्जावर झोकात शेरा मारला, 'तपासून सादर करावे.' हसावं की रडावं, साहेबांना कळेना. या शेऱ्याने कागद किती दिवस झोपतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक!

"हा कागद मीच नेतो," म्हणत ते उठले आणि कारकुनाच्या टेबलाशी स्टूल ओढून बसले. "लिहा टिपणी. मी बसलोय."

"पण साहेब, केंद्रावर वर्ग बदलून द्यायचा असा नियम नाही."

"द्यायचा नाही, असा तरी आहे का? दाखवा."

कारकुनाने नियमपुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. द्यायचा नाही, असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. मग अधीक्षक, मग उपसंचालक, मग परत संचालक. दर टेबलाशी साहेब कागदाबरोबर बसून राहिले. जेवायची वेळ टळून गेली. संध्याकाळी आदेशाची प्रत हातात पडली, तेव्हाच ते जागचे हलले.

परीक्षेच्या सकाळी गवंड्याचा फोन आला.

"साहेब, तळमजल्याचाच वर्ग मिळाला. दाराशी मी सवयीने खाली वाकलो, तर म्हणाली, 'बाबा, तुम्ही इथेच थांबा.' आणि गेली की आत, एकटी! आता मी काय करू, ते सुचेना. म्हणून तुम्हाला फोन लावला."