कंदुरीतले दोन ग्लास

"तू एवढंच म्हण, कपाटातली बाटली मीच काढली. पप्पाला माहीत न्हाई."

ऑफिसबाहेरच्या बाकावर एक बाप आपल्या मुलाला हळू आवाजात सांगत होता. मी झेरॉक्स घेऊन दारापर्यंत आले होते. मला पाहून तो गप्प झाला. मीही काही न ऐकल्यासारखी आत गेले.

हिंगोलीच्या कोर्टाजवळ सरांचं वकिलीचं ऑफिस आहे आणि मी त्यांची ज्युनिअर. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे क्लायंटसमोर मराठी वाक्य आधी मनात जुळवते. तोवर विषय पुढे गेलेला असतो.

थोड्या वेळाने ते आत आले. बाप, आई, मुलगा. जवळच्या गोरेगावला त्यांचं हार्डवेअरचं दुकान. घरी कंदुरी होती, म्हणजे नवसाच्या बकऱ्याचं जेवण. पंगतीआधी घरामागे पुरुषांची दारूची बैठक बसली. तिथे या सोळा वर्षांच्या मुलाच्या आणि त्याच्या वर्गमित्राच्या हातातही ग्लास आले. मित्र उलट्या करून बेशुद्ध पडला. आता तो बरा होता, पण त्याच्या वडिलांनी या बापाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. अटक होण्याआधीच मागतात तो अटकपूर्व जामीन. तो अर्ज आम्हाला करायचा होता.

"पोरानं सोताच घेतली, साहेब. मित्रालाबी त्यानंच दिली. आमी पंगतीच्या गडबडीत."

सरांनी मुलाकडे पाहिलं. "बराबर आहे का रे?"

"कपाटातली बाटली मीच काढली. पप्पाला माहीत न्हाई."

शब्द तेच, क्रमही तोच. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मॅडम, टाईप करा," सर म्हणाले.

मी केलं नाही. बाल न्याय कायद्याचं पुस्तक उघडून सरांपुढे सरकवलं आणि कलम ७७ वर बोट ठेवलं. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणं हा गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा. डॉक्टरने औषध म्हणून सांगितली तरच सूट. देणारा कोणीही असो. आईबाप, आपलं घर, सणवार, असा अपवाद त्यात नाही.

"बोला की," सर म्हणाले. मी फक्त मुलाकडे पाहिलं. सरांनी कलम वाचलं आणि चष्मा काढला.

"मित्राला दारू तुमच्या पोरानं दिली, असंच लिहायचं ना? मग देणारा तो. तुमच्याऐवजी तो बाल न्याय मंडळासमोर उभा राहील."

"तो तर लेकरू हाय, साहेब."

"लेकरांचंच मंडळ आहे ते."

 आई नवऱ्याकडे वळली.

"समद्या भावकीनं पाह्यलं तुमाला ओतताना. तुमीच म्हणत होते, कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर पिण्यापरीस घरी घेतलेली बरी. आता लेकराला काहून पुढं करून राहिले?"

 बाप म्हणाला, "मीच दिली, साहेब. दोघांलाबी."

मुलाने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

मग अर्ज लिहिला. त्यात कपाटाची गोष्ट नव्हती. जामीन मिळाला, अटींसह. पोलीस बोलावतील तेव्हा हजर राहायचं, त्या मित्राच्या घरी फिरकायचं नाही. केस अजून चालू आहे. मुलाचं नाव साक्षीदारांत आहे, आरोपींत नाही. जामिनापेक्षा मला तेच मोठं वाटतं.

ऑर्डर झाली त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मुलाच्या वडिलांनी मला थांबवलं. सर पुढे निघून गेले होते.

"मॅडम, एक सांगा. मी काय चोरून पाजली? माझ्या घरात, माझ्या नजरेसमोर. काळजी होती म्हणूनच ना?"

मी वाक्य मनात जुळवायला लागले. ते उत्तरासाठी थांबून होते.

"काळजी होती, काका. पण ती तुमच्या नजरेसमोर, तुमच्याच हाताने दिली, म्हणूनच केस तुमच्यावर आहे."