वसंताच्या पिवळीचा पावसाळा

गाडीचे चार टायर बदलायला अर्धा तास लागतो. गाडी लिफ्टवर चढली की तिचा मालक जमिनीवर येतो, आणि जमिनीवर आलेला माणूस बोलायला लागतो. माझं दुकान लकडगंजात, शिक्षण नववी. बाकी जे काही येतं ते गाड्यांची मॅन्युअलं आणि गिऱ्हाइकांचे चेहरे वाचून आलेलं. दुकानामागं जुने टायर साचतात, त्यांत पाणी साचतं आणि फवारणीवाले येऊन मला दम देऊन जातात. किस्सेही तसेच साचलेत. फरक इतकाच, की त्यांत डास होत नाहीत, म्हणून कोणी उचला म्हणत नाही.

यंदाच्या पावसाळ्यातले सगळे किस्से एकाच माणसाचे. वसंता, माझा शाळेपासूनचा दोस्त, मिरचीचा ठोक व्यापारी. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यानं स्पोर्ट्स कार घेतली. सेकंड हँड, पण चारशे घोड्यांची! पिवळीधम्मक, दोन दारं, दोन सीट, ताकद सगळी मागच्या दोन चाकांना, आणि उंची इतकी कमी की शेजारी गाय उभी राहिली तर गाडी तिच्या सावलीत मावते.

तरुणपणी हा लुनावर मिरचीची पोती वाहायचा. तेव्हापासून त्याच्या दुकानातल्या कपाटाच्या दाराला आतून अशाच एका गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं. लुना गेली, कपाट दोनदा बदललं. चित्र दरवेळी नव्या कपाटात गेलं.

"आता तरी काढशील ना ते?" मी विचारलं.

"काहून? गाडी घरी आली म्हणून स्वप्न पाहणं बंद कराचं का बे?"

*

गाडी आली त्या दिवशी पूजा झाली. वसंताच्या हमालांनी प्रेमापोटी टायर पॉलिशची अख्खी बाटली संपवली. बाजूनं लावतात ते ठीक आहे. यांनी जमिनीला टेकतो तो भागसुद्धा चकचकीत केला. टायरमध्ये तोंड दिसत होतं! नारळ फुटला, चाकांखाली लिंबं फुटली आणि तेवढ्यात जोराची सर आली.

वसंता चौकात वळला. म्हणजे त्यानं स्टिअरिंग वळवलं आणि ॲक्सिलेटर किंचित दाबला. पुढचं काम गाडीनं स्वतःच केलं. झोपेत कोणी कूस बदलावी तसा तिचा मागचा भाग सावकाश पुढं आला, अख्खी गाडी गोल फिरली आणि काकडीच्या ठेल्यापासून वीतभरावर थांबली. तोंड घराकडं. काकडीवाला हातात तिखटमीठ धरून तसाच उभा.

वसंतानं काच खाली केली. "पाहिलं बंडू? तिले घरची आठवण आली!"

पण वरच्या गॅलरीतून कुंदावहिनींनी, म्हणजे वसंताच्या बायकोनं, सगळं पाहिलं होतं. त्या खाली आल्या, काकडीवाल्याची विचारपूस केली आणि माझ्याकडं वळल्या.

"बंडूभाऊजी, तुम्ही साक्षीदार. दसऱ्यापर्यंत पावसात एक डाव जरी घसरली ना, तं विकून टाकाची. अन् तवपर्यंत मी तिच्यात बसणार नाही."

"अवं पण कुंदा..."

"मले नवरा पाहिजे. हार घातलेला फोटो नाही."

झालं! दसऱ्याला पिवळीच्या नाकावर झेंडूचा हार पडणार, नाहीतर दारात गिऱ्हाईक उभं राहणार.

*

पंधरा दिवसांनी वसंता खुशीत आला. "बंडू, टेन्शन संपलं. या गाडीत पावसाचं बटन हाये!"

त्यानं दाखवलं. बटनावर गाडीचं चित्र आणि तिच्यामागं दोन वाकड्या रेघा. "पाऊस आला का मी हे दाबतो. समोर पिवळा दिवा बी लागते."

"दिवा लागल्यावर गाडी कशी चालते?"

"थोडी अंगात आल्यासारखी करते. पण दाबलं नसतं तं काय झालं असतं, सांग!"

मी चष्मा लावला, डिक्शनरी घेतली आणि मॅन्युअलचं ते पान दोनदा वाचलं. चाक सुटायला लागलं की गाडी आपली ताकद आपणच आवरते. ही सोय कायम चालूच असते. ते बटन ती बंद करायचं!

"वसंता, पंधरा दिवस झाले, तू पाऊस आला का छत्री मिटून राहिला ना बे!"

त्यानं बाहेरच्या पावसाकडं पाहिलं. मग चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे पंधरा दिवस मी बिनछत्रीचा घसरलो नाही? मंग तं मी लय चांगला ड्रायव्हर झालो!"

*

टायरवाल्यानं "टायर बदला" म्हटलं की गिऱ्हाईक आधी खिसा धरतं. म्हणून मी कधी म्हणत नाही. पण पिवळीचे मागचे टायर वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे झाले होते.

"टीव्हीवर रेसच्या गाड्या पाहतो का?" वसंतानं मलाच शिकवलं. "टायर कसे गुळगुळीत असते! नक्षी ट्रॅक्टरले लागते."

टायरवरची नक्षी म्हणजे पाण्याला पळून जायची वाट, आणि पाऊस आला की रेसवालेही नक्षीचे टायर चढवतात, हे मी सांगू शकलो असतो. त्यानं ऐकलं नसतं. मी हरिभाऊंना त्यांची स्लीपर मागितली.

हरिभाऊ माझ्याकडं व्हील अलाइनमेंट करतात. उमरेडच्या विणकराच्या घरातले, अर्धं आयुष्य हातमागावर काढलेलं. स्लीपर बहुतेक तेव्हाचीच असावी, तळ काचेसारखा. दुकानाच्या फरशीवर मी बादलीभर पाणी ओतलं. वसंताच्या एका पायात हरिभाऊंची स्लीपर, दुसऱ्यात नवी कोरी.

"आता चाल."

नवा पाय जागेवर राहिला. जुना पाय दाराकडं निघाला. मधला वसंता अगदी निवांतपणे खाली बसला.

बसल्या बसल्याच म्हणाला, "चारही बदलून टाक." मग पायातली स्लीपर काढून उलटी करून पाहिली. "अन् हरिभाऊले पहिले चप्पल घेऊन दे बे. माणूस मरून जाईन!"

*

हे वसंताचं स्वतःचं संशोधन. मागची चाकं हलकी पडतात, म्हणून घसरतात. म्हणजे मागं वजन पाहिजे. मिरचीवाल्याकडं वजन कशाचं? त्यानं भिवापुरी मिरचीचं पोतं दाबून दाबून डिक्कीत बसवलं आणि कोणाला तरी लग्नाची पत्रिका द्यायला शहराच्या टोकाला बेसाकडं निघाला.

पावसामुळं काचा बंद. एसी आतलीच हवा आत फिरवतो आहे. आणि त्या गाडीत डिक्की आणि सीट यांच्यामध्ये भिंत नाही!

सिग्नल ओलांडल्यावर पहिली शिंक आली. मग मोजणी बंद झाली. एक गोष्ट मात्र त्यानं शहाण्यासारखी केली. इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली, काच उघडली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. नाकाडोळ्यांतून धारा. ट्रॅफिकचा हवालदार रेनकोट सावरत आला.

"काका, घरी काही झालं का?"

वसंताला बोलता येईना. हवालदारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आपली पाण्याची बाटली दिली. पाच मिनिटं पावसात तसाच शेजारी उभा राहिला. "रडून घ्या काका. मोठ्या गाडीवाल्यायले बी दुःख असतेच."

वसंता मला म्हणाला, "चाळीस वर्षं मिरची विकून राहिलो बंडू, पाणी नाही आलं डोळ्यात. पण तो असा बोलला ना, मंग मी खरंच रडलो!"

*

शेवटी शिकवणी लावावी लागली. मास्तर हरिभाऊ. वहिनींनी एवढी सूट दिली की शिकवणीतलं घसरणं मोजायचं नाही. "शाळेत पडले तं पडले. रस्त्यावर नाही."

बेसाच्या पलीकडं नवे लेआउट पडलेत. रस्ते झालेत, दिव्यांचे खांब लागलेत, घरं अजून कागदावर. रविवारी सकाळी पावसात तिथं कोणी नसतं. प्लॉटांवर कमरेइतकं गवत, गवतात नंबर लिहिलेले दगड आणि मधून कुठंच न पोहोचणारा ओला रस्ता. हरिभाऊ वसंताशेजारी बसायचे, मी छत्री घेऊन एका खांबापाशी. तरी मला सगळं ऐकू यायचं. मागाच्या खडखडाटावर बोलायची सवय लागलेला माणूस हळू बोलू शकत नाही.

"शेठ, मागावर बसलं का आमचे पाय मागाखालच्या खड्ड्यात. दिसत नाहीत. पण पायाले सगळं समजते. पायाखालची पट्टी जोरात दाबली का धागा तुटते. तुटला का गाठ मारा लागते, अन् गाठ लुगड्यात दिसतेच. आता दाबा. पाय ठेवल्यासारखा करा फक्त."

वसंतानं दाबला. चाकं जागच्या जागी फिरली.

"तुटला!"

पुन्हा. "तुटला!" पहिल्या रविवारी हरिभाऊंचा घसा बसला.

बाकीचे धडेही त्यांचेच. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक लावून घ्यायचा, वळणात पाय तिकडं न्यायचाच नाही. पाण्यावर स्टिअरिंग एकदम हलकं लागलं तर ब्रेक नाही, वळवणं नाही, ॲक्सिलेटरवरचा पाय हळू उचलायचा आणि चाकाला रस्ता परत सापडेपर्यंत धीर धरायचा. आणि अंतर? "पुढच्या गाडीमागं दहा नऊवारी लुगडी एकापुढं एक अंथरली, तरी जागा उरली पाहिजे शेठ!"

चौथ्या रविवारी पिवळी गवतातून निघाली, लांबच्या वळणावर गेली, तिथं पावसात विरघळल्यासारखी झाली आणि मग पलीकडून परत आली. एकदाही "तुटला" ऐकू आलं नाही. चारशे घोडे कोणी दोऱ्यानं ओढत आणावेत, तशी येऊन माझ्यासमोर थांबली. हरिभाऊ डोळे मिटून बसले होते. बॉनेटवर पडलेल्या पावसाची वाफ होत होती.

मग वसंतानं भारावून विचारलं, "हरिभाऊ, तुम्ही पहिले कोणती गाडी चालवाचे?"

"मले गाडी कुठं येते शेठ! मी सायकलनं येतो."

*

एका दुपारी अंडरपासमध्ये पाणी भरलं. पाणी किती हे कोणालाच दिसत नव्हतं, तरी लोक गाड्या घालत होते. वसंतानं पिवळी मागं घेतली, उंचवट्यावरच्या चहाच्या टपरीशी लावली आणि चहा सांगितला. मी त्याच्यासोबत होतो.

एक मोठी उंच गाडी शेजारून गेली. चालवणाऱ्यानं काच खाली करून टोमणा मारला, "काका, एवढी फास्ट गाडी काय चहा प्याले घेतली का?"

वसंतानं हसून कप वर केला.

आम्ही तिथं दीड तास बसलो. ताडपत्रीच्या कडेवरून पाणी गळत होतं, पलीकडं पिवळी भिजत उभी होती, आणि वसंता तिच्याकडं असा बघत होता जसं ते अजूनही चित्रच आहे. दुसरा कप संपता संपता ती उंच गाडी परत आली. चौघं ढकलत होते, मालक कमरेपर्यंत ओला.

"काका," तो धापा टाकत म्हणाला, "तुम्ही काहून नाही आले पाण्यात?"

"मले घाई नाही गा," वसंता म्हणाला. "माझी गाडी फास्ट हाये!"

*

दसरा चार दिवसांवर आला. पाऊस जाता जाता पुन्हा फिरला होता. भिवापूरला वहिनींचं माहेर. भावाच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, आणि घरची मोठी गाडी मुलगा पुण्याला घेऊन गेलेला.

सकाळी नऊ वाजता वहिनी जरीचं लुगडं सावरत पिवळीपाशी आल्या. या बाईनं तीस वर्षांत कोणत्याच गाडीत डोळा मिटलेला नाही. वसंता चालवत असला की यांचा उजवा पाय आपला वेगळा ब्रेक दाबत असतो. मोठ्या गाडीतली त्यांच्या बाजूची चटई त्याच पायानं फाटली आहे!

"भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "रस्त्यात घसरली तं मी तिथंच उतरून एसटीनं जाईन. अन् हे गाडी विकूनच घरी येतीन."

वसंतानं चपला काढल्या, रुमालानं तळपाय कोरडे केले आणि गाडी सुरू केली. पाऊस इतका होता की चौक ओलांडायच्या आधीच त्यांचा पिवळा रंग दिसेनासा झाला.

बाराच्या सुमारास माझा फोन वाजला. वहिनींचे भाऊ, भिवापूरहून.

"बंडूभाऊ, ताई निघाली ना तिकडून?"

"नऊ वाजताच!"

"अजून पोहोचले नाहीत. पाहुणे बसले, ओटी भराची खोळंबली. भाऊजी फोन उचलून नाही राहिले, ताईचाही लागत नाही. इकडं लय पाऊस हाये हो."

मी घड्याळ पाहिलं. दोन तासांचा रस्ता. हरिभाऊंनी हातातलं चाक खाली ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी वसंताला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यांनाही काहीतरी समजलं असावं, तीही माझ्या फोनकडं बघायला लागली. नुसता पत्र्यावरचा पाऊस.

मी शटरची किल्ली घेतली. हरिभाऊ तेवढ्यात सायकलवरचा रेनकोट काढून आले. आणि फोन वाजला.

"वसंता! कुठं हायेस बे? काय झालं?"

पलीकडून कुजबुज आली. मागं इंजिनाचा बारीक आवाज.

"नागभीड."

"नागभीड? भिवापूर तं मागंच गेलं ना!"

"रेल्वेचं फाटक लागलं म्हणून फोन करून राहिलो. हळू बोल."

"अबे, तिथं पाहुणे खोळंबले, ओटी राहिली! तू भिवापूरले काहून नाही थांबला?"

"तिथं थांबलो असतो तं कुंदा जागी झाली असती."

मग दूर जाणाऱ्या रेल्वेचा भोंगा ऐकू आला, आणि वसंता आणखी हळू म्हणाला, "ठेवतो बंडू. फाटक उघडून राहिलं."