कॉफीचा तलाव

आमच्या शेजारच्या मामींइतका धाक अख्ख्या भंडाऱ्यात कलेक्टरचाही नव्हता, आणि तो त्यांनी निव्वळ कॉफीच्या जोरावर बसवला होता. आणीबाणी उठली त्या सुमारास मामा बँकेच्या बदलीवर इथे आले आणि मागोमाग कुंभकोणमहून मामी आल्या. सोबत कॉफीच्या कच्च्या बियांचं गाठोडं, खिडकीच्या फळीला आवळायची हातगिरणी आणि आईनं लग्नात दिलेला, एकावर एक दोन डब्यांचा पितळी फिल्टर. भंडारा तलावांचा जिल्हा, पण पाणी जड, दूध पातळ, ऊन राक्षसी. धड काय ते हे एक भांडं, असं त्या रोज सांगत. दूधवाल्याची म्हैस त्यांनी स्वतः जाऊन पाहिली होती आणि तिची तब्येत विचारल्याशिवाय दूध घेत नसत. बिया भाजताना गल्लीत कुणी मिरचीची फोडणी दिली, की मामी तिच्या दारात जाऊन नुसत्या उभ्या राहत. त्या बाईचा पुढचा स्वयंपाक बिघडे. कॉफीचा अर्क फिल्टरमधून थेंबथेंब उतरत असताना स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असे आणि आम्ही शेजारणी बाहेरच्या खोलीत देवळात बसल्यासारख्या बसायचो.

मामी मराठी शिकल्या त्या आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या बायांकडून. मी मात्र इथल्याच पवनीची, धानाच्या बांधीवर वाढलेली, आणि मॅट्रिक झाल्यापासून पुस्तकासारखी बोलायची. ‘मला साखर किंचित कमी चालेल,’ असं मी म्हटलं, की मामी म्हणत, ‘मले-तुले बोल वं बाई. जीभ दुखून राहिली असंल तुही.’

त्या काळी मी चोवीस वर्षांची होते आणि सर्वज्ञ होते. महिला मंडळात मी दाक्षिणात्य कॉफीवर भाषणसुद्धा दिलं होतं: ती पितळेच्या उंच डब्यात मंद आचेवर आटवतात, म्हणून दाट होते. डब्यात मी कधी डोकावले नव्हते, पण असल्या किरकोळ गोष्टी मी ज्ञानाच्या आड येऊ देत नसे.

एका उन्हाळ्यात मामी महिनाभरासाठी माहेरी निघाल्या. प्रवासात चेपेल म्हणून फिल्टर माझ्या हवाली केला. ‘घासू नोको, काई करू नोको,’ त्या म्हणाल्या. ‘नुसता ठेवजो.’

नुसतं ठेवणं माझ्या स्वभावातच नव्हतं. पितळी भांड्यांचं गाव म्हणून भंडाऱ्याची मला केवढी मिजास! मामींना एकदा दाखवून द्यावं म्हणून मी तो बाजारातल्या म्हाताऱ्या कासारबाबांकडे कल्हईला नेला. ‘जे जे नादुरुस्त असेल, ते ते दुरुस्त करा,’ असं शुद्ध मराठीत बजावलं. चार दिवसांनी फिल्टर आरशासारखा लखलखीत होऊन हातात आला. बाबा म्हणाले, ‘बाई, वरच्या डब्याच्या बुडाची तं चाळनी झाली होती. सारे भोकं डाख देऊन बुजवले. आता थेंब गळला तं सांगजा.’ मी घरी पाणी भरून पाहिलं. खरंच थेंब गळला नाही. सासूबाईंना म्हटलं, मामी बिचाऱ्या इतकी वर्षं फुटक्या भांड्यात कॉफी करत होत्या. ऐकून त्यांनाही फार वाईट वाटलं.

मामी परतल्या त्या एसटीच्या धुळीसकट थेट आमच्याकडे, फिल्टरपाशी. लकाकी पाहून त्यांनी माझा गाल कुरवाळला, मला सोबत घेऊन तो घरी नेला, पूड भरली, उकळतं पाणी ओतलं आणि दार लोटलं. मी बाहेर कौतुकाची वाट पाहत बसले. अर्धा तास गेला, तास गेला. शेवटी मामींनी मला हाक मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात बोलावलं. वरचा डबा काठोकाठ काळाभोर, खालचा ठणठणीत कोरडा.

‘काहून वं,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘तुमच्या जिल्ह्यात तलाव कमी होते काय?’

मी हसले. त्या हसल्या नाहीत. डबा रिकामा करून त्या गुळगुळीत बुडावरून बोट फिरवत राहिल्या. ‘माह्या आईनं समोर बसून पाडून घेतले होते हे भोकं,’ एवढंच म्हणाल्या.

माझं पुस्तकी मराठी तिथेच संपलं. ‘मामी, मले माफ करा,’ मी म्हटलं. ‘मी पाह्यलंच नोतं वो कधी.’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कासारबाबांपुढे जाऊन बसलो. डाख काढता काढता जुनं बूडच गेलं, म्हणून त्यांनी नवं बसवलं. एकेक भोक पडलं की मामी डबा उजेडाला धरून पाहत. पण बाबांचा हात पडला हंडे-घागरींचा. तांदळाची कणी चाळता येईल एवढी भोकं झाली. अर्क भराभर खाली आला आणि कॉफी झाली पातळ. मामींनी एक घोट घेतला आणि पुन्हा एक घेतला. माझा जीव टांगणीला. मग म्हणाल्या, ‘चालते.’ मामींनी कशालाही ‘चालते’ म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून स्वयंपाकघराचं दार मात्र माझ्यासाठी उघडं राहिलं.

पुढे काही वर्षांनी मामांची बदली झाली. आठवण म्हणून मामी फिल्टर मला देतील, अशी माझी आपली समजूत. त्यांनी तो पेटीत न ठेवता मांडीवर घेतला. ‘तुह्याजवळ ठेवू? अजून एक तलाव बांधशील,’ म्हणाल्या. वर्षभरानं वेड्यावाकड्या अक्षरात पत्र आलं: ‘इथं सारे म्हनतात तुमची कॉफी पातळ. मी म्हनतो, यायले काय समजते.’ नवा फिल्टर काही त्यांनी घेतला नाही.

मामींची पत्रं थांबून आता बरीच वर्षं झाली. नातीनं मला स्टीलचा फिल्टर आणून दिला आहे. मी आधी तो उजेडाला धरून पाहिला. भोकं अगदी बारीक, एकसारखी. कॉफी छान दाट उतरते. नात दुसरीकडे पाहत असली की मी माझ्या पेल्यात थोडं गरम पाणी घालते.